वळणाला उतरणारे अप्पा

आमचे काशीअप्पा रस्त्याच्या प्रत्येक वळणाला सायकलवरून उतरत. उतरून तीनदा घंटी वाजवीत आणि पलीकडच्या मोकळ्या रानाला विचारीत, "हाय का कुणी?" उत्तर आलं नाही की स्वतःच सांगत, "न्हाई म्हणालेत," आणि पुन्हा टांग मारीत. एकदा पलीकडून म्हैस हंबरली. अप्पा सायकल घेऊन बाजूला झाले आणि अदबीनं म्हणाले, "आधी तुमी या, बाई."

लातूर जिल्हा आम्हाला नवा मिळाला होता. पाऊस मात्र जुन्याच जिल्ह्याकडं राहिला की काय, कोण जाणे. औशाच्या कचेरीत अप्पा दफ्तरी, मी कोवळा कारकून. तातडीचे कागद घेऊन आम्ही लातूरला जायचो. मोठ्या रस्त्यावर पाण्याचे टँकर सुसाट पळत, म्हणून अप्पांची वाट आतल्या शेतांमधून. दोन तासांच्या वाटेला चार तास! पुढं बैलगाडी असली तर अप्पा तिच्या मागंच.

"अप्पा, काढा की पुढं!"

"बैलाला आरसा हाय का? त्याला कसं कळावं मी आलो म्हणून? सायकल चालवायला पाय लागतेत बाबा, उतरायला अक्कल लागती."

एके दिवशी एका वाडीच्या टँकरचा अर्ज आमच्या हाती आला. पाचच्या आत जिल्हा कचेरीत पोचला नाही, तर वाडीला आठवडाभर टँकर नाही. बस निघून गेलेली. सायकली काढल्या. अप्पा वळणावळणाला उतरून रानाची चौकशी करायला लागले आणि माझं डोकं फिरलं. तीन वाजले, निम्मी वाटही सरली नव्हती. अर्जाची पिशवी माझ्याकडं होती. मी दिलं पायडल हाणून.

"आरं ए, काय करायलास? उतर!" अप्पा मागून ओरडले.

वळणापलीकडं एक बाई येत होती. डोक्यावर हंडा, काखेत कळशी. मी, सायकल, हंडा, कळशी, सगळे एकदमच आडवे झालो.

"डोळे हायत का बटनं लावलीत?" बाई कडाडली. मग ओल्या फुफाट्याकडं बघत खालीच बसली. "सकाळपास्नं रांगेत होते रं."

मला वाटलं, अप्पा आता मला सोलणार. ते येऊन सायकलवरून उतरले. हंडा-कळशी उचलून कॅरिअरला बांधली.

"माय, तुमी सावलीला बसा. रांगेला मी जातो."

"बाप्या माणूस रांगेत? बाया हसतील."

"हसू द्या की." मग माझ्याकडं वळले. "कागद घेऊन नीघ. पोचव, पर कुणाला पाडू नको."

मी निघालो. चक्क प्रत्येक वळणाला उतरलो. कुणी बघत नाही याची खात्री करून रानाला हाकही मारली. पावणेपाचला अर्ज पोचला. टँकर मंजूर झाला.

परतताना दिवस कलला होता. विहिरीवर बायांची रांग आणि मधोमध टोपी घातलेले अप्पा. पुढं अजून आठजणी. बाया त्यांना सोडत नव्हत्या.

"अप्पा, फुगडी येती का?"

"येती की. पर दम लागंल, मग तुमचंच पाणी प्यावं लागंल!"

रांगभर हशा. मी जवळ जाऊन म्हणालो, "अप्पा, टँकर मंजूर झाला. चूक माझी होती, मी उभारतो. तुम्ही घरी जा."

"घरी कोण हाय?" ते हळूच म्हणाले. "तीस वर्षं तिनं पाणी आणलं. उशीर झाला की मी दारातूनच वरडायचो, कुठं बसली होतीस गप्पा मारत? ती जाऊन दोन उन्हाळे झाले."

रांग सरकली. अप्पांनी हंडा पायानं एक वीत पुढं ढकलला.

"हितं तर बसायला जागाच न्हाई रं."