नानांचा अक्षय

उन्हाळ्यात भोरजवळच्या उत्रोलीला नानांच्या आळीतल्या कुठल्याही घरचा फ्रीज उघडा. बर्फाच्या कप्प्यात एक गोठलेली बाटली दिसणार आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं असणार, 'अक्षयची. कोणी पिऊ नये.' दिवसातून तीनदा नाना दारोदार फिरतात, गोठलेली बाटली उचलतात, वितळलेली ठेवतात. कुणी विचारलंच तर म्हणतात, "अक्षयला उकडतंय."

हा अक्षय कोण, हे आळीत बरेच दिवस कुणाला कळलं नव्हतं. नानांना मुलगा एकच, सचिन, आणि तो जर्मनीत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. शेजारच्या काकूंना वाटलं, नातेवाइकाचं पोर शिकायला आलं असेल. त्यांनी अक्षयसाठी वाटीभर शिकरण पाठवली. नानांनी ती स्वतः खाल्ली आणि वाटी परत करताना सांगितलं, "लई झ्याक हुती. पर त्याला गांडुळं लागत्यात." त्यानंतर महिनाभर काकू त्या घरावरून झपाझप पावलं टाकत जायच्या.

सोपाननाना वायरमन होते. आकडा टाकून वीज चोरणाऱ्याला त्यांनी जन्मात सोडलं नाही. मेव्हणीच्या लग्नात मांडवातल्या दिव्यांना आकडा टाकलेला दिसला, तेव्हा दिवेलागणीला पंगत बसलेली असताना नाना खांबावर चढले. खालून सासरे हात जोडून म्हणत होते, "जावईबापू, उतरा." वरून नाना विचारत होते, "कागुद हाय का?" कागद नव्हता. दिवे गेले आणि नवरीनं नवरदेवाचा घास त्याच्या चुलत्याच्या तोंडात घातला. सासुरवाडीची माणसं हे अजून विसरलेली नाहीत. नाना मात्र दारात आलेल्या जडीबुटीवाल्यालाही विचारतात, "कागुद हाय का?"

भोरला एसटी स्टँडपाशी माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्मही भरून देते. एका दुपारी नाना झाकणाची बादली घेऊन आले. चेहरा उतरलेला.

"शबाना, पोरी, घात झाला. माझ्याच घरात बिनकागदाचं निघालं."

त्यांनी झाकण काढलं आणि मी खुर्चीवर उभी राहिले. आत वीतभर लांबीचा, गुलाबीसर पांढरा, चार पायांचा जीव होता. मानेच्या दोन्ही बाजूंना मुंडावळ्यांसारखे लाल तुरे, टिकल्यांएवढे डोळे, आणि तोंड असं की आपल्याकडे बघून हसतोय असंच वाटावं.

"पाल आहे?"

"न्हाई."

"मासा?"

"न्हाई गं. बेडकाच्या भावकीतलं हाय. सचिननं पुण्याला खोलीवर पाळलं हुतं. जर्मनीला जाताना म्हनला, नाना, दोन महिनं सांभाळा. आता दुसरं वरीस लागलं."

नाव अ‍ॅक्सोलॉटल. नानांच्या जिभेवर त्याचं 'अक्षय लोटल' झालं आणि पुढं आडनाव गळालं.

झालं होतं असं, की कटिंगच्या दुकानात कुणीतरी मोबाईलवरून वाचून दाखवलं होतं : परदेशी प्राणी घरात असेल तर सरकारी साइटवर त्याची नोंद करावी लागते. सगळ्यांची नाही, ठरावीक जातींची. आता अक्षय त्या यादीत आहे की नाही? मी शोधलं. एका ठिकाणी लिहिलं होतं, आहे. दुसऱ्या ठिकाणी, खुशाल पाळा. तिसऱ्या ठिकाणी यादी होती, पण सगळी शास्त्रीय नावं. त्यात अक्षय शोधणं म्हणजे यात्रेत हरवलेलं पोर शोधणं.

मग आम्ही बादली घेऊन एका वनरक्षकाला गाठलं. भला माणूस. बराच वेळ वाकून बघत राहिला. "मोठा झाल्यावर ह्याचं काय होतं?"

"ह्येच," नाना म्हणाले.

"म्हणजे हे पिल्लू आहे?"

"मोठं हाय. पर पिल्लावानीच ऱ्हातं, म्हातारं हुईस्तवर."

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मी बिबट्या बघितलाय, खवल्या मांजर बघितलंय. हे नव्हतं बघितलं. नोंद करून टाका, मी साहेबांना विचारतो."

दुकानात येऊन फॉर्म उघडला. लिंग काय, हा प्रश्न आल्यावर नाना लाजले. "असं कसं बघायचं कुनाचं?" पण गाडी खरी अडली ती प्राणी कुणाकडून मिळाला, या रकान्यावर. ते सचिनलाच माहीत. नाना म्हणाले, "रविवारी चारला त्याचा फोन येतो. तूच ये घरी."

रविवारी लॅपटॉप घेऊन गेले. सचिनच्या खोलीत काचेची टाकी, तिच्यात तरंगणारी गोठलेली बाटली, खिडकीला ओलं पोतं, पाण्यावर टेबलफॅनचा वारा. नाना स्वतः घामानं निथळत होते. फोन आला, नानांनी तो स्पीकरवर टाकला. मी सचिनला एकेक विचारायला लागले तसा तो हसला. "शबानाताई, कशाला एवढी भानगड? पुण्यात माझ्या मित्राकडे पाणी गार ठेवायचं मशीन आहे. येऊन घेऊन जाईल. कागदपत्रंही तोच बघेल."

मला हायसं वाटलं. "नाना, चालेल ना?"

नाना पाठमोरे होते. स्वच्छ काच पुन्हापुन्हा पुसत होते. "न्हाई चालायचं."

"का?"

"गाडी लागंल त्याला."

पाण्यात राहणाऱ्या जिवाला गाडी कशी लागते, ते मला समजेना. पण सचिननं माहिती सांगितली, मी अर्ज भरला आणि 'अर्ज मिळाला' असा संदेश आला. अर्ज मंजूर होणार का, कधी होणार, काही कळलं नाही. नाना म्हणाले, "मिळाला न्हवं? बास." मग फोन घेऊन ते खाटेवर बसले. मी वायरी गुंडाळत होते.

"जेवतोय ना नीट?" सचिननं विचारलं.

"कुठलं! एकट्याला जेवान जातंय व्हय? दोन घास खातंय आन् उठतंय."

मी टाकीकडं बघितलं. अक्षय लांबलचक गांडूळ ओढून गिळत होता.

"झोपतो का?"

"न्हाई. कूस बदलत पडतंय. आन् जिना चढताना गुडघं लई दुखत्यात."

सचिनचा आवाज खाली आला.

"कुणाचे, नाना?"

नानांनी माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. "अक्षयचं."

सचिन म्हणाला, "दिवाळीला येतो मी. त्याला दवाखान्यात नेऊ."

"ये," नाना म्हणाले. "लई वाट बघतंय ते."