सातशे दहा पौंड

टॉलेफसनांचा ट्रेलर वजनकाट्यावर चढला आणि बाहेरच्या फलकावर तांबडे आकडे उमटले: ८३४०. सहकारी धान्य कोठाराच्या कॉफीच्या खोलीत बसलेल्या आठ शेतकऱ्यांनी कप खाली ठेवले आणि खिडकीची काच पुसली.

"एल्डन, पिकअपला किती ओढायला चालतं म्हणालास?" व्हर्नाने विचारलं.

"सात हजार दोनशे. इथं छापलंय." तिच्या नवऱ्याने कोटाच्या आतल्या खिशातून पिकअपचं माहितीपुस्तक काढलं. "त्यावर एक पौंड गेला, तर मी गाडी काढणार नाही."

तो खरंच काढणार नाही, हे तिला ठाऊक होतं. बायबलनंतर एल्डनचा विश्वास कशावर असेल, तर यंत्रांबरोबर येणाऱ्या पुस्तकांवर.

व्हर्ना एकोणसत्तर वर्षांची होती आणि तिने समुद्र पाहिला नव्हता. चव्वेचाळीस वर्षं गोठ्यात गाई होत्या. गाईंना पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला धार काढणारं माणूस लागतं. समुद्र बघायचाय ही सबब त्या ऐकून घेत नाहीत. आणि साउथ डाकोटातून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र दोन दिवस लांबच. शेवटी ऑक्टोबरात गाई विकल्या, राहायचा ट्रेलर घेतला, आणि जानेवारी ते एप्रिल टेक्सासच्या किनाऱ्यावर राहायचं ठरलं. सोबतीला लोवेल हॉगन आणि त्याची बायको आर्लिस. एकाच चर्चचे, बत्तीस वर्षं दर गुरुवारी पत्त्यांना बसणारे. एका ट्रेलरात चार माणसं म्हणून व्हर्नाने सकाळच्या प्रार्थनेत संयमासाठी एक वेगळी ओळही घातली होती.

"अकराशे चाळीस जास्त," काट्यावरचा ड्वेन खिडकीतून ओरडला. "काय भरलंय काय, बाई? घर?"

"उतरवू या," व्हर्ना म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

पहिल्यांदा आर्लिसची खोकी निघाली. बिटाच्या लोणच्याच्या चौसष्ट बरण्या.

"अगं, टेक्सासात लोणचं मिळत नाही का?"

"मिळतं. पण घातलेलं कुणी, हात धुतले होते की नाही, कोण सांगणार?"

बरण्या थंडीत फुटतील म्हणून कॉफीच्या खोलीत नेल्या. तिथल्या मंडळींनी दोन उघडून ठेवून घेतल्या. काटा दीडशेने उतरला. मग लोवेलच्या पलंगाखालून पाण्याचे सहा डबे निघाले.

"विहिरीचं आहे," लोवेल म्हणाला. "माझं पोट दुसरं पाणी ओळखत नाही."

"एकाहत्तर वर्षांचा झालास. करून दे की ओळख!"

अडीचशे गेले. व्हर्नाने स्वतःचं शिवणयंत्र आणि पिठाची पोती मुकाट्याने उतरवली, आणखी साठ. फलकावर ७८८० उरले. आता ट्रेलरात अंथरुणं, चार खुर्च्या आणि पत्त्यांचा एक जोड, एवढंच होतं.

"सहाशे ऐंशी अजून जास्त!" व्हर्नाचा आवाज चिरकला. "काटा बिघडलाय का रे, ड्वेन?"

"काल तपासलाय, बाई."

"नाही जमणार, व्हर्ना," एल्डन हलकेच म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

चव्वेचाळीस वर्षं तिने हेच वाक्य ऐकलं होतं. ती ट्रेलरात शिरली आणि प्रत्येक कप्पा ठोकून पाहू लागली. तिच्या पलंगाचा खोका भरीव वाजला. झाकणाला आठ स्क्रू होते.

"एल्डन, पलंगाला स्क्रू कशाला?"

"रस्त्याने हादरे बसतात."

लोवेल एकाएकी ढग निरखू लागला. ते पाहून व्हर्नाने ड्वेनकडे पेचकस मागितला.

झाकण उघडलं. आत घोंगडी, आणि घोंगडीखाली तुकतुकीत करडा ग्रॅनाइट. त्यावर कोरलेलं होतं: टॉलेफसन. खाली एल्डन, व्हर्ना, दोघांची जन्मसालं, प्रत्येकापुढे एक आडवी रेघ आणि रेघेपुढे मोकळी जागा.

व्हर्नाने आपल्या रेघेपुढच्या मोकळ्या जागेवर बोट फिरवलं.

"एल्डन, डॉक्टर मला सोडून तुला काही बोललेत का?"

"नाही गं! निम्म्या किमतीत मिळाला. थडग्यांचे दगड कोरणारा दुकान बंद करत होता. लावायच्या आत जमीन गोठली. घरात कुठे ठेवणार, तू सगळीकडे झाडतेस. वाटलं, इथं तेवढी नाही झाडणार."

"माझ्याच थडग्यावर मला चार महिने झोपवणार होतास?"

"वर गादी होती ना," एल्डन पडेल आवाजात म्हणाला.

आर्लिस दारात उभी राहून पोट धरून हसत होती. "अगं बाई, व्हर्ना! लोवेल, बघ रे, असा नवरा असतो!" लोवेल हसत नव्हता.

कॉफीच्या खोलीतले सहा जण आले, फोर्कलिफ्ट आली, आणि दगड दारातून बाहेर काढताना फिरला. त्याची दुसरी बाजूही कोरलेली होती: हॉगन. लोवेल. आर्लिस. आणि तिचं जन्मसाल.

आर्लिसचं हसू तोंडातच गोठलं. तिने पूर्ण गावाला, चर्चला आणि लायसन्स सोडून सर्व कागदांना आपलं वय चार वर्षांनी कमी सांगितलं होतं. खिडकीतल्या दोघांनी बोटांवर वर्षं मोजायला सुरुवात केली.

"एका दगडात दोन्ही घरांचं भागत होतं," लोवेल पुटपुटला. "पत्त्यांना एकत्र बसतोच, म्हटलं..."

"तोंड मिट, लोवेल! आणि तो दगड झाका कुणीतरी!"

फलकावर आकडे थांबले: ७१७०. एल्डनने माहितीपुस्तक उघडलं, बोट ठेवून ओळ वाचली, पुन्हा आकडे पाहिले.

"तीस पौंड कमीच आहे," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. ड्वेनने पावती फाडली. यंत्राला तीनच पिकं ठाऊक असल्यामुळे पावतीवर 'सोयाबीन, सातशे दहा पौंड' असं आलं. गोठलेली जमीन मोकळी होईपर्यंत दगड काट्याजवळच्या भिंतीला उभा राहायचा होता.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात व्हर्ना घोट्यापर्यंत समुद्रात उभी होती. पाणी येत होतं, जात होतं, आणि कुणाचीही धार काढायची नव्हती. ती देवाचे आभार मानत असतानाच फोन वाजला.

"बाई, तुम्ही जिवंत आहात ना?" ड्वेन होता.

"अरे, असं काय विचारतोस?"

"परगावचे ट्रकवाले दगड बघतात, टोपी काढतात. एकाने फुलं ठेवली. मग बातमी फिरली की रस्त्यात अपघात झाला. चर्चच्या बायकांनी काल दुखवट्याचं जेवण म्हणून भाजलेल्या बटाट्यांची सहा भांडी आणली. डुकराच्या दोन भाजलेल्या तंगड्या. केक."

"अरे देवा!" व्हर्नाचा हात छातीवर गेला. "माझ्यासाठी?"

ड्वेन घुटमळला. "म्हणजे... आर्लिसबाईंसाठी. हॉगनांची बाजू रस्त्याकडे आहे. तुमची भिंतीकडे."

व्हर्ना थक्क झाली. वाळूत खुर्ची टाकून आर्लिस पाय शेकत होती, तिच्याकडे तिने एकदा पाहिलं. बावीस वर्षं चर्चच्या स्वयंपाकघरात बटाटे कुणी सोलले होते?

"ड्वेन," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "उद्या सकाळी तो दगड फिरव."

"बाई, सातशे दहा पौंड आहे!"

"फोर्कलिफ्ट आहे ना? फिरव. आणि आम्ही बरे आहोत, हे रविवारच्या चर्चनंतर सांग."