दामूतात्यांचं ओरिजनल

पोशीरच्या दामूतात्यांच्या मोटारीला कुणी 'गाडी' म्हटलं की तात्या जागच्या जागी बोलणं थांबवत. "गाडी बैलाची. ही मोटर हाय," एवढं बजावून ते तोंड फिरवत, आणि समोरचा चूक दुरुस्त करेपर्यंत ते परत इकडे वळत नसत. मी गावच्या शाळेत मराठी शिकवत होतो आणि शब्दांच्या बाबतीत स्वतःला फार काटेकोर समजत होतो. तात्यांपुढे माझा काटेकोरपणा म्हणजे पोरखेळ.

तात्यांची गावात भाताची गिरण होती. मिशांवर कायम कोंड्याची धूळ, त्यामुळे चाळिशीतही माणूस साठीचा वाटे. नेरळच्या बाजूला एका शेटजींचा बंगला होता, तिथला तांदूळ तात्यांच्या गिरणीतून जाई. शेटजी बंगला मोडून परदेशी निघाले, तेव्हा आपली लढाईच्या आधीची इंग्रजी मोटर तात्यांना देऊन गेले. बेडकासारखे डोळे वटारलेली, काळी, ठेंगणी. आसपासच्या गावांत तेव्हा दुसरी मोटर नव्हती. एसटी होती, पण ती मनात आलं तर यायची.

या मोटारीच्या खोडी तात्या लेकराच्या खोडीसारख्या कौतुकानं सांगत. हॉर्न दाबला की आधी नुसती धाप ऐकू येई. खरा हॉर्न वाजे तो समोरचा माणूस मागे पडल्यावर. "गेलेल्याला नमस्कार करती, बिचारी," तात्या म्हणत. काच पुसायची दांडी फक्त उन्हाळ्यात चाले. आणि डावीकडचं पुढचं दार आतून उघडत नसे.

हे दार तर कशेळ्याच्या बाजाराची करमणूक होती. बाजाराच्या दिवशी मागच्या बैठकीवर तांदळाची पोती, पुढे तात्या आणि शेजारी त्यांच्या पत्नी द्वारकाकाकी, अशी स्वारी निघे. बाजारात पोचलं की तात्या खाली उतरत, मोटारीला पुढून वळसा घालत आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात दाराचा उद्धार करत, "ह्या दाराच्या बैलाला! धा मिस्त्री झालं, पन सुधारनार नाय!" मग खांद्यावरच्या पंच्यानं मूठ पुसायची, दार उघडायचं आणि काकी उतरेपर्यंत आभाळाकडे बघत धरून ठेवायचं. काकी उतरत, पदर सारखा करत आणि तात्यांच्या चार पावलं मागून चालू लागत.

एकदा मी जवळच उभा होतो, म्हणून पुढे होऊन दाराला हात घातला. तात्यांनी तो चक्क झटकला. "ऱ्हाऊ द्या, गुरुजी. त्याची खोड तुमाला नाय कळायची." मला राग आला होता. माझ्या मते दार उघडायला फार अक्कल लागत नाही.

मग एका पावसाळ्यात नदीचं पाणी गिरणीत शिरलं. मोटर निम्मी बुडाली आणि पाणी ओसरल्यावर गप्पच झाली. मुंबईला नोकरीला असलेल्या लेकानं सांगितलं, "बाबा, ती गाडी भंगारात काढा." त्याच्याशी तात्या गणपती होईपर्यंत बोलले नाहीत. शेवटी खालापूरच्या एका मिस्त्रीचं नाव कळलं आणि मोटर टेंपोत चढवायची ठरली. टेंपो चिखलातून आत येईना, म्हणून ती बैल जुंपून रस्त्यापर्यंत ओढत न्यावी लागली. म्हणजे त्या दिवशी ती खरोखरची गाडी झाली. पण हे तात्यांसमोर बोलायची छाती गावात कुणाची नव्हती.

हा गजा मिस्त्री पुण्याच्या रस्त्याला लागूनच होता. घाटात दमलेले ट्रक तो पोटासाठी दुरुस्त करी आणि जुन्या मोटारी जिवासाठी. मुंबईचे शौकीन आपापल्या मोटारी त्याच्याकडे आणून टाकत. त्याचा एकच शब्द होता, 'ओरिजनल'. रंग ओरिजनल, कातडं ओरिजनल, चहा मागवला तरी, "प्या गुरुजी, दूध ओरिजनल हाय."

तात्यांनी त्याला बजावलं, "मोटर जशी हुती तशी करून दे. कमी नाय, जास्ती नाय."

"ओरिजनल करतो, तात्या."

दोघंही खूश झाले. तिथेच माशी शिंकली होती, पण ती कुणाला ऐकू आली नाही.

भातकापणी उरकल्यावर मोटर आणायला मी तात्यांबरोबर गेलो. काय सांगू! काळ्या रंगात तोंड बघून भांग पाडावा. गजानं तिला झेंडूचा हार घातला होता. तात्यांनी हॉर्न दाबला. तो लगेच, खणखणीत वाजला. तात्यांचा चेहरा पडला. काचेची दांडी झुलायला लागली. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग ते डावीकडच्या बैठकीवर जाऊन बसले, दार लावून घेतलं आणि आतली मूठ फिरवली. दार लोण्यातून सुरी फिरावी तसं उघडलं. त्यांनी परत लावलं, परत फिरवली. परत उघडलं.

तात्या खाली उतरले आणि म्हणाले, "ही आमची मोटर नव्हं."

"अवं, अशी नवी कोरी असताना हुती तशी केली की!" गजा म्हणाला.

"नवी असताना ती शेटजींची हुती. माज्याकडं हुती तशी सांगितली मी."

"म्हंजे खराब?"

"जशी हुती तशी!"

गजाच्या तोंडचं पाणी पळालं. आजवर त्याच्याशी लोक भांडले ते काम उरलं म्हणून. जास्त झालं म्हणून भांडणारा हा पहिलाच. दोघांनी मग मला पंच केलं. "गुरुजी, तुमी मराठीचं. सांगा, 'हुती' म्हंजे कवाची?"

मी घसा साफ करून भूतकाळाचे प्रकार सांगायला घेतले. अपूर्ण भूतकाळापर्यंत आलो तेव्हा ते दोघं माझं ऐकत नसून पुन्हा एकमेकांवर ओरडत होते. तात्यांनी कबूल केलेले पैसे मोजून ठेवले, हार काढून मला दिला आणि मोटर तिथेच सोडून एसटीनं परत आले.

पुढे दर रविवारी हेच. तात्या जायचे, हॉर्नवरून भांडायचे, दांडीवरून भांडायचे, दाराशी आले की आवाज बसायचा, आणि हात हलवत परत यायचे. शेवटी गजा वैतागला. मुंबईचा एक शौकीन मोटर मागत होता. "येत्या रविवारी न्या, नायतर त्यास्नी देऊन टाकू का?" तात्या हट्टानं बोलून गेले, "दे." त्या दिवशी गावात आल्यावर ते गिरणीत जाऊन बसले आणि गिरण न लावता नुसतेच बसून राहिले. मला त्यांचा राग यायचा तो थांबला आणि काळजी वाटायला लागली.

मी एकट्यानंच खालापूर गाठलं. म्हटलं, "गजा, बाबा, हॉर्न बिघडवून दे आणि सोडव आम्हाला."

गजा म्हणाला, "हॉर्नचं काय नाय, गुरुजी. त्यास्नी दार सलतंय. आन् दाराचं तर मला कोडंच हाय. दार खोललं तं आत बिघाड म्हून काय नव्हता. कुनीतरी खिट्टीला सुतळी बांधून ठेवलेली. ही बघा."

पत्र्याच्या डब्यातून त्यानं सुतळीचा तुकडा काढला. पोत्याची सुतळी, आणि तिला तात्यांच्या गिरणीतली दुहेरी फासाची गाठ. गिरणीतून घरी आलेलं प्रत्येक पोतं मी त्या गाठीशी झटापट करून सोडलेलं आहे. ती गाठ बाहेर कुणाला येत नाही.

मी तिथल्या टायरवर बसलो. तात्यांचं घर डोळ्यांपुढे आलं. म्हातारी आई, तीन भाऊ, भावजया, पोरांचा गलका. त्या घरात तात्यांनी काकींना कधी पाण्याचा तांब्या दिलेला मी पाहिला नव्हता. बोलायचं झालं तर भिंतीकडे बघून, "अगं, ऐकलंस का." बायकोसाठी चारचौघांत हात हलवला असता तर गावानं 'बायकोचा बैल' म्हणून नाव ठेवलं असतं. पण दारच आतून उघडत नसेल तर माणूस काय करणार? शिव्या घालत का होईना, उघडायलाच पाहिजे! मला हसू आलं, आणि खरं सांगतो, डोळेही भरले.

परत आल्यावर मी काकींना गाठलं. त्या अंगणात तांदूळ पाखडत होत्या. म्हटलं, "काकी, रविवारी तुम्हीच चला."

"दार चांगलं झालं म्हंतात?"

"झालं."

"आतनं उघडतं?"

"उघडतं, काकी."

त्यांचं सूप थांबलं. कणीएवढं हसू ओठांवर आलं, ते त्यांनी पदरानं पुसलं. "येते," म्हणाल्या.

रविवारी काकी निघाल्या म्हणून तात्यांनाही यावं लागलं. गजानं मोटर झाडून पुसून बाहेर काढली. तात्या गुरगुरतच चाकामागे बसले, काकी शेजारी बसल्या, मी मागे. रस्त्यावर एक चक्कर मारून आम्ही परत गजाच्या दाराशी आलो. गजा, त्याची माणसं, दोन ट्रकवाले, सगळे बघत उभे. तात्यांनी इंजिन बंद केलं आणि समोर बघत बसून राहिले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आता मूठ फिरणार, दार उघडणार आणि काकी आपल्या आपण उतरून जाणार, याचीच ते वाट बघत होते.

काकींनी हात उचलला. मुठीपर्यंत नेला, क्षणभर थांबल्या आणि परत मांडीवर ठेवला.

"अवं," त्या म्हणाल्या, "उघडत नाय."

गजा उसळला. "काकी, असं कसं? मी सोता तेल घालून..." काकींनी काचेतून त्याच्याकडे एकदा पाहिलं. गजाचं तोंड मिटलं. मिस्त्री झाला तरी तोही संसारी माणूस होता.

तात्या झटक्यात उतरले. पुढून वळसा घालताना त्यांचा आवाज अख्ख्या पुणे रस्त्यावर गेला, "ह्या दाराच्या बैलाला! बगितलंस गजा? मी काय सांगत हुतो? तू काय बी कर, हे दार सुधारनार नाय!" पंच्यानं मूठ पुसली, दार उघडलं आणि आभाळाकडे बघत धरून उभे राहिले. काकी सावकाश उतरल्या.

"न्यायची ना मग?" गजानं विचारलं.

"न्यायची म्हंजे? आमची मोटर हाय!"

त्यानंतर ती मोटर कितीतरी वर्षं कशेळ्याच्या बाजाराला येत होती. हॉर्न वेळेवर वाजायचा, याचं तात्यांना शेवटपर्यंत वाईट वाटायचं. परवा त्यांच्या लेकाकडे गेलो होतो. त्यानं मोटर जपून ठेवली आहे. सगळं झिजलं आहे, चाकावरचं कातडं, पायाखालचा पत्रा, बाहेरची मूठ तर पार गुळगुळीत. आतली मूठ तेवढी गजानं बसवली तशीच कोरी आहे.