जंतांची प्रतवारी

सुनेला थोडा हातभार लावावा, एवढंच मी ठरवलं होतं. आमचं पारोळ्याला तूर-हरभऱ्याचं दुकान. शिक्षण सातवी, पण मूठभर माल तळहातावर घेतला की प्रत सांगतो. चष्मासुद्धा लागत नाही. (लागतो. गिऱ्हाइकासमोर लावत नाही.)

सून ऋतिका पीएचडी करते. विषय, भेकांच्या अंगातले जंत. भेक म्हणजे तो अंगभर फोड असलेला जाडा बेडूक. फार वर्षांपूर्वी कुणीतरी त्या जंतांचं अर्धवट वर्णन लिहून ठेवलंय, ते तपासून पुन्हा लिहायचं. मी म्हटलं, यात अवघड काय? माल जुना, प्रतवारी नवी.

त्या रविवारी तिच्या गाइड चारुलता मॅडम नमुने बघायला धुळ्याहून येणार होत्या. नमुने पटले तर काम पुढे, नाहीतर वर्ष गेलं. ऋतिका त्यांना आणायला स्टँडवर गेली, बस उशिरा आली, आणि मी तिच्या टेबलाशी गेलो. पाहतो तर चिमुकल्या बाटल्यांची रांग. एकेका बाटलीत स्पिरिट, दोन-चार जंत आणि एक ओली चिठ्ठी. असा फुटकळ माल मी दारातूनच परत पाठवतो. मॅडमसमोर लॉट कसा भरघोस दिसला पाहिजे.

लोणच्याच्या तीन बरण्या घेतल्या. जाड, बारीक, तुकडा. चिठ्ठ्या केरात.

आमच्याकडे कामाला असलेली सुनंदाबाई दारात येऊन उभी राहिली. "बठ्ठं एक करी टाकं?"

"सगळं एक नाही, तीन. तुला बाजारातलं काय कळतंय?"

तेवढ्यात रिक्षा थांबली. ऋतिकानं टेबल पाहिलं, बरण्या पाहिल्या, मला पाहिलं. पोरीचा चेहरा पांढरा पडला. पण घराण्याची अब्रू राखणारी सून.

"मॅडम, ते... मांजरानं बाटल्या पाडल्या."

मॅडमनी एक बरणी उजेडात धरली. "आणि जंत निवडून बरण्यांत भरले?"

मी खिशातला चष्मा काढून लावला.

"कोणता जंत कुठल्या गावच्या भेकातला, फुफ्फुसातला की आतड्यातला, ते चिठ्ठीवर होतं," मॅडम म्हणाल्या. "शिवाय या जातीत मादी जाड, नर बारीक. तुमच्या मांजरानं सगळ्या नवरा-बायकोंची ताटातूट केलीय."

(चाळीस वर्षांच्या धंद्यात हा आरोप पहिल्यांदाच.)

सुनंदाबाई चहा घेऊन आली. "मॅडम, मांजर मोठं कामसू शे," ती म्हणाली. "फक्त कोणी सांगेल ते ऐकत नाही."

ऋतिका खाली बघत होती. मॅडमनी बशी खाली ठेवली.

"हिचं वर्ष मी वाया घालवणार नाही. पण पावसाळा संपायच्या आत त्या मांजराला नवे भेक पकडून आणायला लावा. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी."

"फैजपूरच्या केळीबागेतले चालतील," मी विचारलं, "की शिरपूरकडचेच लागतील?"