कॅमशाफ्ट मंजूर, स्प्रिंगा नामंजूर

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप प्रांतातल्या आमच्या क्लिपहाउट गावात वाहन परवाना दरवर्षी नव्यानं काढावा लागतो आणि गेल्या वर्षीपासून त्या अर्जात चौदावा प्रश्न आला आहे: ‘इंजिनात कोणताही बदल केला आहे काय? होय / नाही.’ गावातल्या चार हजार एकशे बारा वाहनधारकांनी ‘नाही’वर खूण केली. त्यांतल्या निदान साठ जणांची इंजिनं मी स्वतःच्या हातांनी बदलली आहेत, त्यामुळे हा आकडा वाचून मला माझ्या धंद्याविषयीच शंका आली.

‘होय’वर खूण करणारा माणूस एकच निघाला. रँडल फेब्रुवारी, हायस्कूलचे उपमुख्याध्यापक, विषय गणित.

फेब्रुवारी सरांची गाडी ब्याण्णव सालची, दोन लिटरची, आणि नवऱ्याचा जीव तिच्यात किती आहे हे त्यांच्या बायकोला, मर्लबाईंना, पुरतं ठाऊक होतं. मार्चमध्ये, रविवारच्या शर्यतींसाठी, ती गाडी माझ्या गॅरेजात आली. मी तिच्यात नवे कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे फिरते दांडे घातले; त्यांनी व्हॉल्व्ह पहिल्यापेक्षा जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात आणि इंजिनाचा जोर वाढतो. व्हॉल्व्ह तेवढ्याच झटक्यात मिटावेत म्हणून स्प्रिंगाही दुहेरी, कडक घातल्या. ही जोडी आहे. एक घालून दुसरी न घालणं म्हणजे दार जोरात उघडणारा माणूस ठेवायचा आणि बंद करणाऱ्याला रजा द्यायची. काम झाल्यावर गाडी उभ्या जागी डुगडुगू लागली, डग्-डग्-डग्, आणि सर तो आवाज ऐकत बॉनेटपाशी डोळे मिटून उभे राहिले.

“सर, अर्जात ‘नाही’ लिहा हं,” मी जाता जाता म्हटलं.

“नाझीम, तीस वर्षं मी पोरांना सांगतोय, प्रश्न नीट वाचा आणि विचारलंय त्याचंच उत्तर द्या.”

कार्यालयात सर रांगेत उभे होते आणि सोबत मीही. खिडकीतल्या म्पोंडोबाईंनी अर्ज घेतला, आडनाव वाचलं आणि ते तारखेच्या रकान्यात टाकलं.

“फेब्रुवारी कितवी?”

“ताई, ते माझं आडनाव आहे.”

“बरं. आणि हे काय, ‘होय’? चुकून झालं का?”

“नाही, मुद्दाम केलंय. कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलल्यात.”

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. मागून कुणीतरी ओरडलं, “काका, ‘नाही’ लिहा आणि सरका की पुढे! आमची सुट्टी अर्ध्या दिवसाचीच आहे!” रांगेनं त्याला अनुमोदन दिलं. सर मागे वळून वर्गाकडे बघावं तसे रांगेकडे बघत राहिले आणि रांग गप्प झाली. बाईंनी एक जाड वही काढली. त्यात कॅमशाफ्ट हा शब्द नव्हता, पण ‘फिरणारे भाग’ या सदरात चाकं, पंखा आणि काच पुसायचा वायपर होता. कॅमशाफ्ट फिरतो हे सरांनी हात फिरवून दाखवलं. कॅमशाफ्ट मंजूर झाला.

स्प्रिंगा मात्र वहीत होत्या. एकाच ठिकाणी: ‘गाडी खाली बसवण्याकरिता बदललेल्या स्प्रिंगा.’ तपासणी आवश्यक.

तपासणीला टेरब्लांश नावाचे निरीक्षक आले. उंच, शांत, हातात मोजपट्टी. त्यांनी गाडीची जमिनीपासूनची उंची चारही बाजूंनी मोजली, पुन्हा मोजली, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“गाडी खाली आलेली नाही.”

“येणारच नाही,” सर म्हणाले. “त्या स्प्रिंगा चाकांवरच्या नाहीत, इंजिनातल्या आहेत. बोटभर लांबीच्या.”

“स्प्रिंग बदलली तर गाडी खाली आली पाहिजे. नाही आली, तर एकतर स्प्रिंगा बदललेल्या नाहीत, नाहीतर सदोष आहेत.”

मी मध्ये पडलो. “साहेब, त्या काढल्या ना, तर इंजिन जोरात फिरताना व्हॉल्व्ह वेळेत मिटणार नाहीत. खालून पिस्टन येतो आणि सरळ आदळतो. इंजिनाचा चुरा.”

“मग जोरात फिरवू नका.”

“रविवारी शर्यत असते.”

“शर्यत म्हणजे वाहतूक नव्हे. ती आमच्या कक्षेत येत नाही,” टेरब्लांश अत्यंत सौजन्यानं म्हणाले, आणि आठ दिवसांत लेखी आदेश आला: सदर वाहनातील फिरणारे भाग मंजूर करण्यात येत आहेत. उपरोक्त स्प्रिंगा परिणामशून्य आढळल्याने चौदा दिवसांच्या आत काढून मूळ स्प्रिंगा बसवाव्यात.

मी सरांच्या घरी जाऊन म्हटलं, “सर, सोपा उपाय आहे. गाडी दोन बोटं खाली बसवून देतो. साहेब मोजतील, खूश होतील, आतल्या स्प्रिंगा तशाच राहतील.”

“म्हणजे उत्तर बरोबर यावं म्हणून गणित बदलायचं?”

“म्हणजे इंजिन वाचवायचं!”

“अहो, ऐका त्याचं,” मर्लबाई दारातून म्हणाल्या. “सगळं गाव लबाडी करून गाड्या उडवतंय आणि तुम्ही एकटे खरं बोलून मरा.”

सर ऐकेनात. मी तीन दिवस काम टाळलं. चौथ्या दिवशी त्यांनी आदेश माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “तू नाही केलंस तर मी करीन, आणि मला येत नाही.” मी जुन्या स्प्रिंगा बसवल्या. आयुष्यात इतकं बरोबर काम इतक्या चुकीच्या कारणासाठी केलं नव्हतं. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला सहा हजाराच्या पुढे न्यायचा नाही, असं त्यांच्याकडून वदवून घेतलं.

रविवारी शर्यतीच्या सरळ रस्त्यावर, शेजारच्या पट्टीत उभा होता लिओनेल प्लाटयीस, सरांचा जुना विद्यार्थी, आता बँकेत मोठा अधिकारी. त्याच्या इंजिनातल्या स्प्रिंगाही माझ्याच. त्यानं काच खाली केली. “सर, गृहपाठ झाला का? नाहीतर बाकावर उभे राहा!”

अर्ध्या रस्त्यापर्यंत सरांनी वचन पाळलं. मग लिओनेलची गाडी एका बॉनेटनं पुढे गेली. सर शिक्षक होते, पण मुळात शर्यतवाले होते. सात हजार दोनशेवर एक आवाज आला, पत्र्याच्या डब्यात हातोडा टाकावा तसा, आणि गाडी गप्प घरंगळत राहिली.

मी धावत पोचलो तेव्हा सर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते. “नाझीम,” ते म्हणाले, “मी आदेश पाळला रे.” मी बॉनेट उघडलं. लिओनेल मागे येऊन उभा राहिला होता.

इंजिन फुटल्याचंही सरांनी कार्यालयाला लेखी कळवलं. अर्थातच.

कार्यालयानं या वेळी विलक्षण तत्परता दाखवली. आकडेवारी तयार झाली. गावात बदल जाहीर केलेली वाहनं: एक. त्यांपैकी इंजिन फुटलेली: एक. प्रमाण शंभर टक्के. बदल न केलेली वाहनं: चार हजार एकशे बारा. इंजिन फुटल्याची नोंद: शून्य. निष्कर्ष स्पष्ट होता. सरांचा परवाना ‘धोकादायक प्रवृत्ती’ या शेऱ्यासह रद्द झाला, आणि उरलेल्यांना प्रामाणिकपणाबद्दल काचेवर लावायला हिरवा स्टिकर देण्यात आला: ‘मूळ स्थितीतील वाहन.’ माझ्या गॅरेजात काम दुप्पट झालं. स्टिकर मिळाल्यावर आता कोण अडवणार, म्हणून लोक आणखी मोठे कॅमशाफ्ट मागू लागले.

सर आता शाळेला मिनीबसनं जातात. परवा माझ्या दारापाशी उतरले, माझ्या व्हॅनच्या काचेवरचा हिरवा स्टिकर बघितला.

“तू काय लिहिलं होतंस, नाझीम?”

“नाही.”

त्यांनी मान हलवली आणि शाळेकडे चालू लागले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तुम्हाला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं असेल. साहजिक आहे. पण खरं सांगा, सर खिडकीपाशी उभे होते तेव्हाच तुमच्याही मनात आलं होतं ना, की हा बाबा ‘नाही’वर खूण करून घरी का जात नाही? तुमचाही हिरवा स्टिकर तयार आहे. खिडकी क्रमांक तीन. येताना ओळखपत्र आणा, आणि अर्ज वाचत बसू नका, मागे रांग असते.