दोनशे तेरा अत्यवस्थ

स्मार्टवॉच ही वस्तू लोकप्रिय होण्याइतकी उपयोगी आहे काय, हे ठरवण्यासाठी राजधानीत, लिमात, एक समिती नेमण्यात आली. समितीने अकरा बैठका घेतल्या. बाराव्या बैठकीत असं निदर्शनास आलं, की एखादी वस्तू आवडते का असं लोकांना विचारलं, तर ते काहीही सांगण्याचा धोका असतो. म्हणून न विचारताच ती त्यांच्या मनगटावर बांधावी, काढायला मनाई करावी, आणि ज्यांनी काढली नाही त्यांना ती आवडली असं समजावं, असा ठराव झाला.

प्रयोगासाठी आमचं गाव निवडलं गेलं. वायरापांपा समुद्रापासून चार हजार तीनशे मीटर उंचीवर आहे. इथे तोवर एकही स्मार्टवॉच नव्हतं. त्यामुळे एक जरी आलं तरी वाढ टक्केवारीत मावणार नाही इतकी मोठी दिसेल, हा निवडीमागचा विचार होता. मी इथे चाळीस वर्षं शाळा चालवतो आणि टक्केवारी शिकवतो. विचारात चूक नव्हती.

सप्टेंबरच्या शेवटी समितीचे इंजिनियर रेन्सो बासिगालुपो घड्याळांचं खोकं घेऊन ट्रकमधून उतरले, दोन पावलं चालले आणि रस्त्याच्या कडेला ओकले. समुद्रकाठच्या माणसाला आमची हवा पहिल्या दिवशी अशीच भेटते. आम्ही त्यांना उचलून शाळेत आणलं आणि बाकावर निजवलं. उद्घाटनाचं भाषण त्यांनी आडवं पडूनच केलं. गावातली वीज लहरी असल्यामुळे घड्याळं उन्हावर चालणारी आहेत, असं ते म्हणाले. शिवाय पन्नास मीटर पाण्याखालीही ती बिघडत नाहीत.

"एवढं पाणी आमच्याकडे नाही, साहेब," सातुर्निना म्हणाली. "गारा आहेत."

सातुर्निना काहुआना आमच्या गावसभेची अध्यक्ष. निवडून येताना तिने एकच शब्द दिला होता, की गारांचा मोसम सुरू व्हायच्या आत शाळेचे पत्रे बदलीन. ते पत्रे माझ्या नोकरीइतकेच जुने आहेत आणि माझ्याइतकेच गळतात. गारा लागल्या की माझी मुलं डोक्यावर वही धरून एका हाताने लिहितात. डावखुऱ्यांचं आणि उजव्यांचं अक्षर आता सारखंच वाईट आहे.

नव्या पत्र्यांसाठी आमची मदार विकुन्यांवर होती. हरणासारखा हा लोकरीचा प्राणी रानात मोकळा हिंडतो आणि त्याची मालकी सरकारकडे असते. वर्षातून एकदा, सरकारी परवानगीने, सगळं गाव लांबलचक दोर हातात धरून डोंगरावर कडं करतं, ते हळूहळू आवळत विकुन्यांना कोंडवाड्यात आणतं, लोकर कातरतं आणि त्यांना सोडून देतं. याला आम्ही घेर म्हणतो. यंदाची लोकर पत्र्यांसाठी, असं सभेत ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या दोनशे तेरा मोठ्या माणसांच्या मनगटांवर घड्याळं चढली. नवव्या मिनिटाला सगळी एकदम किंचाळायला लागली. प्रत्येकावर एकच मजकूर होता: 'रक्तातील प्राणवायू ८४. आपण अत्यवस्थ आहात. आडवे व्हा. नातेवाइकांना बोलवा.' नातेवाइकांना बोलावलं, तर तेही अत्यवस्थ निघाले.

हे मी मुलांना सांगतो तसं सांगतो. समुद्रकाठच्या माणसाच्या रक्तात प्राणवायूचा आकडा अठ्ठ्याण्णव असतो. आमच्याकडे हवा विरळ, म्हणून आमचा चौऱ्याऐंशी. तेवढ्यावर आम्ही बटाटे लावतो, लग्नं करतो, बांधावरून भांडतो आणि नव्वदी गाठतो. पण घड्याळाला समुद्र ठाऊक होता, डोंगर ठाऊक नव्हता.

आन्सेल्मो आजोबा त्र्याऐंशी वर्षांचे. त्याच सकाळी ते लंगडी मेंढी खांद्यावर घेऊन खिंड ओलांडून आले होते.

"मास्तर, म्हणजे मी मरायला टेकलोय?"

"घड्याळ तसं म्हणतंय, आजोबा."

"कधीपासून?"

"हिशेबाने, जन्मापासून."

"तरीच!" आजोबा म्हणाले. "बायकोला किती वर्षं सांगतोय, मला बरं वाटत नाही म्हणून."

तिसऱ्या दिवशी बटाटे धुताना त्यांनी घड्याळ काढून दगडावर ठेवलं. घड्याळाला नाडी लागेना. दुपारी त्यांच्या बायकोच्या, फोर्तुनाताच्या, मनगटावर शासनाचा शोकसंदेश आला. आजोबा जेवायला बसले तेव्हा तिने सगळ्यांना सूप वाढलं आणि त्यांची वाटी पालथीच ठेवली.

"अगं, मला?"

"तुम्ही गेलात. सरकारने कळवलंय."

"मग उपाशी राहू?"

"मेलेल्यांचं पान दोन नोव्हेंबरला वाढतात. तोवर थांबा."

आजोबांनी मुकाट्याने घड्याळ चढवलं. त्यानंतर कुणीही ते काढलं नाही. पहिल्या आठवड्याच्या अहवालात नोंद झाली: 'घड्याळ काढण्याचे प्रमाण शून्य. लोकप्रियता शंभर टक्के.'

इथवर ठीक होतं. मग घेराची परवानगी नाकारल्याचं पत्र आलं. कारण स्वच्छ होतं. अत्यवस्थ रुग्णांना डोंगरावर पळवता येत नाही. सातुर्निना टेकडीवर गेली, जिथे फोन लागतो, आणि तिने लिमाला फोन लावला. मी सोबत होतो.

"कोण बोलतंय?" पलीकडून विचारणा झाली.

"वायरापांपाची अध्यक्ष. साहेब, आम्ही ठणठणीत आहोत."

"नोंदीप्रमाणे नाही. बाई, आपण कुठून बोलताय?"

"टेकडीवरून."

"आडव्या आहात ना?"

"उभी आहे."

"अत्यवस्थ रुग्णाने उभं राहणं नियमबाह्य आहे. आपण आधी आडव्या व्हा, मग तक्रार नोंदवतो."

सातुर्निना माझ्याकडे बघत दगडांवर आडवी झाली. पलीकडच्या गृहस्थांनी तक्रार नोंदवली: 'अध्यक्षांशी बोलणे झाले. त्या अंथरुणावर आहेत.'

पाच दिवसांनी दुसरं पत्र आलं. प्राणवायू कमी असण्याचं मूळ गावाच्या उंचीत आहे, हे समितीच्या ध्यानात आलं होतं. 'सबब, गावाची उंची कमी करण्यासाठी ग्रामसभेने आजवर कोणती पावले उचलली, याचा खुलासा करावा.' उत्तराचा मसुदा मी केला. 'दर पावसाळ्यात थोडी माती वाहून जाते. काम प्रगतिपथावर आहे.' याबद्दल आम्हाला शाबासकी मिळाली. परवानगी मिळाली नाही.

या सगळ्या काळात रेन्सो साहेब शाळेच्या बाकावरच होते. गावातले दोनशे तेरा अत्यवस्थ रुग्ण पाळीपाळीने येऊन त्यांना कोकाच्या पानांचा काढा पाजत होते, पाय चेपत होते आणि बादली रिकामी करत होते. साहेबांचा चेहरा न पिकलेल्या टोमॅटोसारखा झाला होता. मात्र त्यांच्या मनगटावरचं घड्याळ दर तासाला एक धून वाजवून गोड बायकी आवाजात म्हणे, "अभिनंदन! आपली प्रकृती उत्तम आहे. प्राणवायू अठ्ठ्याण्णव! आज थोडं धावा!"

सातुर्निनाने एकदा ते ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा तिने बादली खाली ठेवली.

"पोरा, तुझं घड्याळ खोटं बोलतंय."

"खोटं नाही बाई," साहेब क्षीण आवाजात म्हणाले. "हे दुकानाच्या काचेत मांडायचं आहे. त्यात तशी सोय असते. गिऱ्हाइकाला आवडेल तेच दाखवतं."

"आणि नाडी?"

"बहात्तर. कायमची."

"ही सोय आमच्या घड्याळांत आहे?"

"सगळ्यांतच असते. दोन बटणं एकदम दाबायची."

"मग दाब की."

"अहो बाई! नोंदी खोट्या ठरतील!"

"आत्ताच्या खऱ्या आहेत?"

साहेबांनी यावर विचार केला. बादली मागितली. पुन्हा विचार केला. मग म्हणाले, "रांगेत या."

त्या दुपारी दोनशे तेरा माणसं शाळेत अत्यवस्थ शिरली आणि ठणठणीत बाहेर पडली. संध्याकाळच्या आत लिमाहून अभिनंदनाचा संदेश आला. एका दुपारीत दोनशे तेरा प्राण वाचवल्याबद्दल समितीने घड्याळाचे जाहीर आभार मानले होते. सोबत घेराची परवानगी होती, एका दिवसाची. अट एकच, सहभागी नागरिकांनी घड्याळं घातलेली असावीत.

घेराच्या दिवशी ऊन लख्ख होतं. जिल्ह्याहून आलेला जनावरांचा डॉक्टर शिक्का घेऊन दगडावर बसला. आम्ही पहाटेपासून डोंगराला वेढा घातला होता. विकुन्या भित्र्या असतात. त्यांना माणूस दिसला तर त्या फक्त सरकतात, पण आवाज झाला की उधळतात. म्हणून घेरात कुणी बोलत नाही, खोकत नाही. गावातली कुत्री सुद्धा त्या दिवशी घरी बांधलेली असतात. कडं आवळत आवळत आलं. आत दीडशेच्या वर विकुन्या होत्या. कोंडवाड्याचं दार तीस पावलांवर होतं. सातुर्निना माझ्या शेजारी दोर धरून होती. तिचे ओठ हलत होते. ती पत्रे मोजत होती.

"किती वाजले असतील?" आन्सेल्मो आजोबा कुजबुजले.

घेरात दोनशे तेरा घड्याळं होती आणि किती वाजले ते एकालाही माहीत नव्हतं. वेळ दाखवणं हा त्या घड्याळाचा किरकोळ उपयोग होता, तिकडे पाहायची कुणाला सवयच लागली नव्हती.

अकरा वाजले होते.

एका घड्याळाची धून डासाएवढी असते. पहाटेपासून कडं डोंगरभर पसरलेलं होतं, तोवर दर तासाची धून वाऱ्यातच विरली होती. गावातल्या घरांत ती आम्हाला आवडायलाही लागली होती. दोनशे तेरा घड्याळांची धून एकाच डोंगरावर, एकाच क्षणी कशी लागेल, याचा विचार कुणी केला नव्हता. मीही नाही, आणि गुणाकार मी शिकवतो. "अभिनंदन!" असं डोंगर ओरडला. विकुन्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं आणि त्या दोरावरून, दगडांवरून, डॉक्टरवरून उड्या मारत गेल्या. एक तर आन्सेल्मो आजोबांच्या टोपीवरून गेली.

"आज थोडं धावा!" घड्याळ आजोबांना म्हणालं.

आजोबा धावले. आम्ही सगळेच धावलो. पण विकुन्यांच्या पायांत आमच्याहून जास्त डोंगर असतो. दुपारी डॉक्टरने कागदावर शिक्का मारला: 'घेर नियमानुसार पार पडला. मिळालेली लोकर: निरंक.'

सातुर्निना कोंडवाड्याच्या भिंतीवर बसून राहिली.

"मास्तर, मी भर सभेत शब्द दिला होता."

"माहीत आहे, बाई."

"मुलांना काय सांगू?"

मी दोर गुंडाळायला घेतला.

नोव्हेंबरात पहिल्या गारा आल्या. मुलांनी सवयीने डोक्यावर वह्या धरल्या. सातुर्निना दारात उभी होती. ती वर बघत होती.

"मास्तर, भोकं किती आहेत हो?"

वजाबाकीचा तास होता, म्हणून मी मुलांनाच मोजायला लावलं. दोनशे नऊ भरली.

"घड्याळं दोनशे तेरा," ती म्हणाली. "पन्नास मीटर पाण्याखाली टिकतात, असंच म्हणाला होता ना तो पोरगा?"

आन्सेल्मो आजोबांनी मनगट छातीशी धरलं. "मी काढलं तर परत मरेन! दोन नोव्हेंबर तर होऊन गेला, मला वर्षभर जेवण नाही!"

"नाही मरणार आजोबा. आता ती दुकानातली झालीत. कुणाला बांधली आहेत, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. बहात्तर ठोके पडतच राहतात."

दोन दिवस गाव छपरावर होतं. एकेका भोकात पट्टा आत खुपसायचा, वर काच बसवायची, कडेने डांबर लावायचं. उरलेली चार घड्याळं पुढल्या वर्षीच्या भोकांसाठी जपून ठेवली. तेव्हापासून माझी शाळा गळत नाही. दर तासाला छप्पर मुलांचं अभिनंदन करतं आणि थोडं धावायला सांगतं. मुलं धावत बाहेर जातात, म्हणून घंटाही लागत नाही.

रेन्सो साहेब तोवर लिमाला परतले होते. तिथे उतरल्या उतरल्या त्यांना भूक लागली आणि बढती मिळाली. समितीचा अंतिम अहवाल त्यांनीच मला पाठवला. तो मी मुलांना मोठ्याने वाचून दाखवला. दोनशे नऊ वापरकर्ते घड्याळ दिवसा वा रात्री, कधीही काढत नाहीत. ते पूर्ण चोवीस तास विश्रांती घेतात. ऊन असो वा गारपीट, त्यांच्या नाडीत फरक पडत नाही. त्यांनी एकही तक्रार केलेली नाही, कुणी टेकडीवर जाऊन फोन केलेला नाही. 'इतके निरोगी, स्थिर आणि समाधानी नागरिक समितीस अन्यत्र आढळले नाहीत. सबब, स्मार्टवॉच लोकप्रिय होण्याइतके उपयोगी आहे, असे सिद्ध होते. या नागरिकांची प्रकृती हेच यापुढे उत्तम प्रकृतीचे प्रमाण मानावे.' चार घड्याळांचा मात्र थांगपत्ता नव्हता. त्या चौघांनी परदेशी स्थलांतर केलं असावं, असं समितीचं मत होतं.

ते प्रमाण आता सगळीकडे लागू झालंय म्हणतात. तेव्हा तुमच्या मनगटावरचं घड्याळ रोज रात्री तुम्हाला सांगत असेल, की झोप कमी पडली, छाती उगाच धडधडली, आज तुम्ही उणे ठरलात, तर मनाला लावून घेऊ नका. कुण्या पैलवानाशी तुमची तुलना चाललेली नाही. ती आमच्या शाळेच्या छपराशी चालली आहे.

छपराचा प्राणवायू आज सकाळीही अठ्ठ्याण्णव होता. तुमचा किती?

आता लगेच मनगटाकडे बघू नका. छप्पर कधी बघत नाही. त्याला गारा अडवायच्या असतात.