धामणीच्या सावल्या

धामणीच्या बाजारात एकही झाड नसल्यामुळे तिथली माणसं आपली सावली पतसंस्थेत ठेवतात आणि पतसंस्था ती दुकानदारांना कर्जाऊ देते. दुपारी बाराला सावली घडी करून भरायची आणि पाचला परत न्यायची. तोवर ती हातभर लांब झालेली असते, तेच व्याज.

बेबीनंदा गावंडे अठरा वर्षं या संस्थेच्या खिडकीवर होत्या आणि त्यांना या धंद्याचा भारी अभिमान होता. निवृत्त हेडमास्तर ढोमणे यांची सावली लहानू काकडीवाल्याला मिळायची. लहानू तिच्यात बसला की त्याची स्वतःची मोकळी व्हायची. ती तो खिडकीवर भरायचा आणि ती शेवंताबाई बांगडीवालीला जायची. शेवंताबाईची पुढच्याला, त्याची त्याच्या पुढच्याला, थेट टोकाच्या दौलत माठवाल्यापर्यंत. एकट्या मास्तरांच्या जिवावर अख्खी ओळ गारव्याला बसून गिऱ्हाइकांना हाका मारायची.

एका मंगळवारी मास्तरांची सावली विटांच्या ट्रकवर पडली आणि ट्रक तिला घेऊन निघून गेला.

"ताई, सावली गेली," लहानू खिडकीशी येऊन म्हणाला. "आता मी कोठून आणून देऊ?"

बेबीनंदांनी लाल शाईने 'थकीत' असा शेरा मारला. तो शेजारी उभ्या शेवंताबाईने वाचला, आणि अर्ध्या तासात दारापुढे रांग लागली.

"माही सावली आत्ताच काढून द्या!" शेवंताबाई म्हणाली.

"पाचला मिळते, बाई. नियम आहे."

"पाच वाजेस्तोर तुमची संस्था राह्यली तं!"

संस्थेत एकही सावली नव्हती, सगळ्या बाजारात होत्या. मग एकेकाच्या डोक्यावरून काढून ज्याची त्याला द्यावी लागली. तीन वाजता मास्तर सोडून प्रत्येकाची सावली ज्याच्या त्याच्या पायाशी सुखरूप होती आणि बाजार उठला होता. धामणीत मंदी आली. आठवडाभर कुणी सावली भरली नाही, काकड्या वाळल्या, बांगड्या तापून हातात धरवेनात. सहायक निबंधकांचं पत्र आलं: मंगळवारी बारापर्यंत एकही ठेव जमा न झाल्यास कुलूप. या खिडकीखेरीज बेबीनंदांनी दुसरं कामच कधी केलं नव्हतं.

मंगळवारी पावणेबाराला त्यांनी बाहेर पाहिलं. शेवंताबाई स्वतःच्या सावलीत बसायचा प्रयत्न करत होती. ती सरकली की सावलीही सरकायची. सगळी ओळ तसंच करत होती, आणि घामाने निथळत होती.

बेबीनंदांना एकदम हसू आलं. त्या रस्त्यावर आल्या, पदर खोचला, स्वतःची सावली घडी केली, तिची रीतसर पावती फाडली आणि ती लहानूपुढे धरली.

"मी तं थकबाकीदार आहो, ताई."

"म्हणूनच. तुम्ही सावलीत बसल्याबिगर तुमची मोकळी कशी होईन?"

लहानू बसला. त्याचा "हुश्श" बाजारभर ऐकू गेला. त्याने आपली सावली शेवंताबाईला दिली, तिने पुढे, आणि ओळ भराभर गार होत गेली. काकड्यांवर तिखटमीठ पडलं, बांगड्या किणकिणल्या, पोरं माठांवर बोटं वाजवू लागली. शेवटी दौलतची सावली उरली. ती मास्तरांना भरपाई म्हणून मिळाली.

"पोट जरा जास्त आहे," मास्तर मागे वळून वळून पाहत म्हणाले, "पण शोभतं."

बरोबर बाराला सहायक निबंधक कुलूप घेऊन आले. टक्कल तापलेलं, सदरा पाठीला चिकटलेला. त्यांनी वही पाहिली, ओळ पाहिली. लहानूने काकडीची फोड पुढे केली.

"साहेब, ठेव भरायची का?" बेबीनंदांनी विचारलं. "पाचला व्याजासकट देतो."

साहेबांनी पायाशी पाहिलं. मग कुलूप काखेत धरलं आणि सावलीची घडी घालायला खाली वाकले.